४,२९,४९,६७,२९७ : मूळ वाटलेली, पण मूळ नसलेली संख्या

शेषफल (धागालेखन)

दोनाचा बत्तिसावा घात घेऊन त्यात एक मिळवला की ४,२९,४९,६७,२९७ ही संख्या मिळते. (या धाग्यात घातासाठी ^ हे चिन्ह वापरतो, म्हणजे आपली संख्या २^३२ + १.) चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव ही दहा अंकी संख्या आजच्या मानाने फार मोठी नाही, पण जवळजवळ शंभर वर्षे ती मूळ आहे की संयुक्त हे कोणीही सांगितले नव्हते. या एकाच संख्येभोवती संख्यांच्या गणितातल्या इतक्या गोष्टी एकवटल्या आहेत, की तिच्यावर स्वतंत्र धागा काढावा असे बरेच दिवस मनात होते.

फ्रेंच गणितज्ञ पिएर द फर्मा याने १६४० च्या सुमारास २^(२^न) + १ या रूपाच्या संख्यांचा विचार केला. न च्या जागी ०, १, २, ३, ४ घातले की ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या येतात आणि त्या पाचही मूळ आहेत. पुढच्या सगळ्याही मूळच असतील, असे फर्माने आपल्या पत्रांतून वारंवार लिहिले; मात्र त्याची पूर्ण सिद्धता आपल्याजवळ नाही, हेही त्याने प्रांजळपणे कबूल केले. न = ५ घातले की आपली संख्या येते, म्हणून तिला पुढे फ५ म्हणतो. १७२९ च्या डिसेंबरमध्ये क्रिस्टियान गोल्डबाखने पत्र लिहून लिओनार्ड ऑयलरचे लक्ष या विधानाकडे वेधले, आणि १७३२ मध्ये ऑयलरने दाखवून दिले की

४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७.

हा गुणाकार कागदावर कोणीही पडताळू शकेल. पण ६४१ ने भाग जातो हे भागाकार न करताही दिसते, आणि ती युक्ती मला अतिशय सुंदर वाटते. ६४१ दोन प्रकारे लिहिता येते: एकदा ५ × २^७ + १ असे (५ × १२८ = ६४०), आणि एकदा ५^४ + २^४ असे (६२५ + १६). पहिल्या रूपावरून ५ × २^७ ला ६४१ ने भागले की बाकी −१ येते (म्हणजे निःशेष भाग जायला १ कमी पडतो). या बाकीचा चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ची बाकी १ ठरते. आता दुसऱ्या रूपावरून ५^४ ची बाकी −२^४ आहे, ती त्या जागी ठेवली की −२^३२ ची बाकी १ होते. म्हणजेच २^३२ + १ ला ६४१ ने निःशेष भाग जातो. चार ओळींत काम होते आणि दहा अंकी संख्या कुठे लिहावीही लागत नाही.

कोनमापक

धागा मनापासून आवडला. सिद्धता समजली, पण ती ६४१ हाती आल्यानंतरची आहे. ऑयलर त्या संख्येपर्यंत पोचला कसा? फ५ चे वर्गमूळ ६५,५३६ पेक्षा किंचित अधिक आहे आणि ६५,५३६ पर्यंत ६,५४२ मूळ संख्या आहेत. ६४१ ही क्रमाने ११६ वी मूळ संख्या. एकेकीने भागत जायचे ठरवले, तरी ११६ भागाकार हे काही अशक्य काम नाही. मग शंभर वर्षे कोणी ते केले कसे नाही?

शेषफल

कोनमापक, आपल्या प्रश्नातच या धाग्याचा गाभा आहे. ११६ भागाकारही करावे लागत नाहीत.

समजा प ही मूळ संख्या फ५ ची विभाजक आहे. म्हणजे २^३२ ला प ने भागले की बाकी −१ राहते आणि त्याचा वर्ग केला की २^६४ ची बाकी १ होते. आता २ चा असा सर्वांत लहान घात शोधू, की ज्याची बाकी १ आहे. त्या घाताच्या घातांकाने ६४ ला भाग जायला हवा, म्हणून तो १, २, ४, ८, १६, ३२ किंवा ६४ यांपैकीच एक असणार. तो ३२ किंवा त्याहून लहान असता, तर २^३२ ची बाकी १ आली असती. पण ती −१ आहे. म्हणून तो घातांक नेमका ६४ आहे. दुसरीकडे, फर्माचेच प्रमेय सांगते की २^(प−१) ची बाकी १ असते. त्यामुळे प − १ ला ६४ ने भाग गेलाच पाहिजे, आणि प ही ६४क + १ या रूपाचीच असली पाहिजे.

या रूपाच्या संख्या क्रमाने लिहून पाहा: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यांतल्या मूळ संख्या फक्त १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. म्हणजे चार भागाकार वाया जातात आणि पाचवा जुळतो. ऑयलरने हीच वाट धरली होती.

आणखी एक गोष्ट मला लिहिल्यावाचून राहवत नाही. ज्या प्रमेयाच्या आधारे हे सगळे उलगडते, ते फर्माने त्याच १६४० साली पत्राने कळवले होते. साधन त्याचे, विधानही त्याचे, आणि दोहोंमध्ये अंतर केवळ पाच भागाकारांचे.

लसावि

यात एक भर घालतो. एदुआर लुका याने १८७८ मध्ये ही अट आणखी घट्ट केली. प ही ६४क + १ या रूपाची आहे, म्हणजे तिला ८ ने भागल्यावर बाकी १ उरते. आणि अशा मूळ संख्येच्या बाबतीत २ ही स्वतःच कोणत्या तरी संख्येच्या वर्गाची बाकी असते. त्या संख्येचा १२८ वा घात घेतला की बाकी १ येते आणि ६४ वा घेतला की −१. म्हणून प − १ ला केवळ ६४ ने नव्हे, तर १२८ ने भाग जायला हवा.

आता यादी पाहा: १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. यांतल्या मूळ संख्या दोनच, २५७ आणि ६४१. त्यांपैकी २५७ ही स्वतः फर्माची संख्या आहे, आणि फर्माच्या कोणत्याही दोन संख्यांना १ शिवाय सामाईक विभाजक नसतो, हे गोल्डबाखने दाखवले आहे. तेव्हा २५७ तपासण्याचेही कारण उरत नाही आणि पहिलाच भागाकार ६४१ चा करायचा!

ही अट दुसऱ्या अवयवालाही लागू पडते, कारण ६७,००,४१७ चा प्रत्येक विभाजक हा फ५ चाही विभाजक असतो. ६७,००,४१७ चे वर्गमूळ २,५८८ च्या आसपास आहे. त्या मर्यादेत १२८क + १ या रूपाच्या मूळ संख्या फक्त पाच आहेत: २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. त्यांनी ६७,००,४१७ ला भागल्यावर अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४ आणि ६२२ अशा बाक्या उरतात. एकही शून्य नाही, म्हणून ६७,००,४१७ मूळ आहे. सदुसष्ट लाखांच्या घरातली संख्या पाच भागाकारांत मूळ ठरते, हे मी स्वतः वहीत करून पाहिले तेव्हा दोन वेळा पडताळणी केली, कारण इतक्या थोडक्यात ते होईल यावर विश्वास बसेना.

भावनाप्रिय

वरच्या चर्चेत अवयव शोधण्याचा एकच मार्ग आला आहे. मला दुसरा मार्ग मांडायचा आहे, कारण माझ्या मते या संख्येचा सर्वांत देखणा गुणधर्म तिथेच आहे.

फ५ ही दोन वर्गांची बेरीज आहे हे तर उघडच आहे: ६५,५३६^२ + १^२. पण ती आणखी एका प्रकारे दोन वर्गांची बेरीज होते:

६२,२६४^२ + २०,४४९^२ = ३,८७,६८,०५,६९६ + ४१,८१,६१,६०१ = ४,२९,४९,६७,२९७.

चाराने भागल्यावर एक बाकी उरणारी मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात एकाच प्रकारे लिहिता येते. इथे प्रकार दोन सापडले, तेव्हा संख्या मूळ नाही हे तिथेच ठरले. एवढेच नव्हे, तर या दोन रूपांतून अवयवही बाहेर काढता येतात. दोन्ही रूपे समान मांडून वर्गांच्या वजाबाक्या घ्या:

६५,५३६^२ − ६२,२६४^२ = २०,४४९^२ − १^२,

म्हणजे ३,२७२ × १,२७,८०० = २०,४४८ × २०,४५०.

आता ३,२७२ आणि २०,४४८ यांचा मसावि ८ आहे; ३,२७२ = ८ × ४०९ आणि २०,४४८ = ८ × २,५५६. तसेच १,२७,८०० = ५० × २,५५६ आणि २०,४५० = ५० × ४०९. या मांडणीत ४०९ व २,५५६ ही एक जोडी आहे, आणि ८ व ५० यांच्या निमपटी ४ व २५ ही दुसरी. दोन्ही जोड्यांच्या वर्गांच्या बेरजा करा:

४^२ + २५^२ = १६ + ६२५ = ६४१,

४०९^२ + २,५५६^२ = १,६७,२८१ + ६५,३३,१३६ = ६७,००,४१७.

हे असे का होते, याचे उत्तर ब्रह्मगुप्ताच्या ‘भावना’ नावाच्या नियमात आहे. इसवी सन ६२८ मधल्या ब्राह्मस्फुटसिद्धान्तात त्याने वर्गप्रकृतीसाठी (एका वर्गाच्या पटीत ठरावीक संख्या मिळवून दुसरा वर्ग मिळवण्याच्या समीकरणांसाठी) जो नियम दिला, त्याचे एक विशेष रूप असे, की दोन वर्गांची बेरीज असलेल्या दोन संख्यांचा गुणाकारही दोन वर्गांची बेरीज असतो, आणि तो दोन प्रकारे तसा लिहिता येतो. तिरकस गुणाकार करून एकदा बेरीज घ्यायची आणि एकदा वजाबाकी. पुढच्या ग्रंथांत यांनाच समासभावना आणि अंतरभावना म्हटले आहे. इथे २५ × २,५५६ = ६३,९०० आणि ४ × ४०९ = १,६३६. त्यांची बेरीज ६५,५३६, वजाबाकी ६२,२६४. दुसरीकडे २५ × ४०९ = १०,२२५ आणि ४ × २,५५६ = १०,२२४. त्यांची वजाबाकी १, बेरीज २०,४४९. चारही संख्या मिळाल्या.

त्या वजाबाकीतला १ नीट पाहावा. १०,२२५ आणि १०,२२४ या लागोपाठच्या संख्या आहेत, आणि म्हणूनच हा गुणाकार ‘एका वर्गात एक मिळवलेला’ असा दिसतो. २^३२ + १ मधला तो शेवटचा एक नेमका इथून येतो.

कोनमापक

भावनाप्रिय यांचा प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि दुसऱ्यांदा कागद घेऊन बसलो. दोन अवयवांतून दोन रूपे आणि दोन रूपांतून परत दोन अवयव, हा प्रवास दोन्ही दिशांनी करता येतो, हे आजवर माझ्या लक्षात आले नव्हते.

आवर्ती

६४१ चा एक गुणधर्म दशांश अपूर्णांकाशी जोडलेला आहे, तो इथे नोंदवतो. १ ला ६४१ ने भागले, तर दशांशचिन्हापुढे ३२ अंकांचा गट पुन्हा पुन्हा येतो:

००१५६००६२४०२४९६० ९९८४३९९३७५९७५०३९

वाचण्याच्या सोयीसाठी मी सोळा-सोळा अंकांचे दोन भाग केले आहेत. पहिल्या भागाखाली दुसरा भाग मांडून बेरीज करा. सोळाही ठिकाणी ९ येतात. याचे कारण असे, की ६४१ ने १०^१६ + १ लाही निःशेष भाग जातो:

६४१ × १५,६०,०६,२४,०२,४९,६१ = १०^१६ + १

(डावीकडच्या मोठ्या संख्येत स्वल्पविराम दोन-दोन अंकांवर टाकले आहेत, जेणेकरून वरच्या गटाशी ताडून पाहता येईल.)

एकच मूळ संख्या २^३२ + १ आणि १०^१६ + १ या दोहोंची विभाजक असावी, हा योगायोग नाही. शेषफल यांनी वापरलेले ५ × २^७ = ६४० हेच समीकरण घ्या. २^७ मधल्या एका २ ने ५ ला गुणून मांडणी थोडी बदलली, की १० × २^६ ची बाकी −१ येते. तिचा सोळावा घात घेतला, की १०^१६ × २^९६ ची बाकी १. पण २^९६ म्हणजे २^६४ × २^३२, आणि त्याची बाकी १ × (−१) = −१. म्हणून १०^१६ ची बाकीही −१.

विषमभुज

फ५ च्या शेजारच्या संख्येबद्दल थोडेसे. फर्माच्या पहिल्या पाच मूळ संख्यांचा गुणाकार ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ = ४,२९,४९,६७,२९५ येतो, म्हणजे फ५ पेक्षा बरोबर दोनाने कमी. (सामाईक विभाजक नसल्याचे जे विधान लसावि यांनी वर वापरले, तेही यातूनच निघते: सामाईक विभाजकाने २ ला भाग गेला पाहिजे, आणि या सगळ्या संख्या तर विषम आहेत.)

कार्ल फ्रीडरिश गाउसने १७९६ मध्ये दाखवले की सुसम सप्तदशकोन केवळ पट्टी आणि कंपास यांच्या साहाय्याने काढता येतो. १८०१ मध्ये त्याने सर्वसाधारण नियम दिला आणि त्याची उलट बाजू पिएर वांझेलने १८३७ मध्ये सिद्ध केली. बाजूंची संख्या विषम असेल, तर ती फर्माच्या वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असायला हवी. आज माहीत असलेल्या अशा मूळ संख्या पाचच असल्यामुळे, काढता येण्याजोग्या विषम बाजूंच्या सुसम बहुभुजाकृती ३१ होतात आणि त्यांतली सर्वांत मोठी ४,२९,४९,६७,२९५ बाजूंची. फ५ मूळ असती, तर ही यादी इथे थांबली नसती.

दशमान

एक शंका आहे. मूळ संख्या ओळखण्याची जी सोपी चाचणी शिकवतात, म्हणजे २ चा (न − १) वा घात घेऊन न ने भागायचे आणि बाकी १ येते का ते पाहायचे, ती या संख्येला लावली तर काय होते? मी करून पाहिले तर बाकी १ येते. मग चाचणी चुकली म्हणायची का?

शेषफल

दशमान, आपले गणित बरोबर आहे. २^६४ ची बाकी १ आहे हे वर आलेच आहे. इथे न − १ म्हणजे २^३२, आणि २^३२ ला ६४ ने भाग जातो; त्यामुळे २ च्या त्या प्रचंड घाताची बाकीही १ च येणार. फर्माच्या प्रत्येक संख्येच्या बाबतीत असेच होते, मग ती मूळ असो वा संयुक्त. चाचणी चुकीची नाही. बाकी १ आली नाही तर संख्या संयुक्त ठरते, आली तर मात्र काहीच ठरत नाही. या संख्यांसाठी पाया म्हणून २ निवडणे निरुपयोगी आहे.

पाया ३ घेतला की चित्र पालटते. तेओफिल पेपँ याने १८७७ मध्ये सिद्ध केले, की २^(२^न) + १ मधला न हा १ किंवा त्याहून मोठा असेल, तर फर्माची संख्या मूळ असण्यासाठी ३ च्या (फ − १)/२ या घाताची बाकी −१ येणे आवश्यक आहे आणि तेवढेच पुरेसेही आहे. फ५ साठी हा घातांक २^३१ आहे, म्हणजे ३ पासून सुरुवात करून एकतीस वेळा वर्ग करायचा आणि दर वेळी बाकी घ्यायची. पहिले चार वर्ग तोंडी होण्यासारखे आहेत: ९, ८१, ६,५६१, ४,३०,४६,७२१. पाचव्या वर्गात बाकी घ्यावी लागते आणि ती ३,७९,३२,०१,४५८ येते. तिथून पुढे दर पायरीला दहा अंकांपर्यंतच्या संख्येचा वर्ग आहे.

लसावि

हे एकतीस वर्ग मी एकदा हाताने करण्याचा संकल्प केला होता. बाविसाव्या पायरीवर हातचा चुकला आणि ते शेवटी लक्षात आले, म्हणून तिथून पुढचे सारे पुन्हा करावे लागले. बाकी घेण्याचे काम मात्र वाटते तितके कठीण नाही: २^३२ ची बाकी −१ असल्यामुळे, वर्गाला २^३२ ने भागून आलेली बाकी घ्यायची आणि तीतून भागाकार वजा करायचा, उत्तर ऋण आले तर फ५ मिळवायचे. एकतिसाव्या वर्गानंतर उरते ती बाकी १,०३,२४,३०३. फ५ मूळ असती तर तिथे ४,२९,४९,६७,२९६ यायला हवे होते.

दशमान

म्हणजे आणखी एकदा वर्ग केला की माझीच चाचणी ३ या पायावर होईल. करून पाहिले: बाकी ३,०२,९०,२६,१६० आली, १ नाही. पण या सगळ्या खटाटोपात ६४१ कुठेच दिसत नाही.

शेषफल

दिसत नाहीच. संख्या संयुक्त आहे हे कळणे आणि तिचे अवयव कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि फर्माच्या संख्यांच्या बाबतीत हे अंतर पुढे वाढतच जाते. फ६ म्हणजे २^६४ + १ हिचे अवयव फॉर्च्युने लांद्री याने १८८० मध्ये शोधले. त्यांतला लहान २,७४,१७७ हा २५६ × १,०७१ + १ असा लुकाच्या नियमात बसतो. फ७ ला १९७० उजाडले. फ५ पासून फ३२ पर्यंतच्या सगळ्या संख्या संयुक्त आहेत हे आज ठाऊक आहे, पण फ१२ पासून पुढे एकीचेही अवयवीकरण पूर्ण झालेले नाही. फ२० संयुक्त असल्याचे १९८७ मध्ये आणि फ२४ संयुक्त असल्याचे १९९९ मध्ये पेपँच्याच चाचणीने ठरले. त्या दोहोंचा एकही अवयव अजून कोणाच्या हाती लागलेला नाही.